सतरा मिलिमीटरचा पट्टा

“पट्टा चांगला आहे हो. पण त्या पोरीने माझा हात एकदाही बघितला नाही.”

ती पोरगी म्हणजे मी. बोलणारे जाधवकाका काउंटरच्या पलीकडे उभे होते आणि मी पार्टिशनमागे, त्यांच्यापासून फार तर चार फुटांवर. आमचं पार्टिशन प्लायवुडचं आहे, वरून उघडं. बाहेरच्याला वाटतं आत कोणी नाही. आतल्याला सगळं ऐकू येतं. मी हातातली चामडं टोचायची आरी खाली ठेवली.

दुकानाचे मालक दळवीसर. त्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात सांगितलं की मुलगी जरा अबोल आहे, पण तिचा हात चांगला आहे.

“तिचा असेल,” जाधवकाका म्हणाले. “माझ्या हाताचं काय करायचं?”

तो पट्टा दुसऱ्यांदा परत आला होता.

मी घड्याळांसाठी चामड्याचे पट्टे बनवते. दुकान गिरगावात, ठाकूरद्वारच्या जरा अलीकडे. सरांच्या वडिलांनी सुरू केलेलं. पुढे काउंटर, भिंतीवर चाळीसेक घड्याळं, आणि पार्टिशनमागे दोन टेबलं. एकावर पेडणेकरकाका घड्याळं दुरुस्त करतात, दुसऱ्यावर मी. कॉलेजनंतर मी ॲक्सेसरी डिझाइनचा कोर्स केला. माझ्याबरोबरच्या मुली बॅगा आणि बूट बनवणाऱ्या कंपन्यांत गेल्या. तिथे दर आठवड्याला प्रेझेंटेशन द्यावं लागतं. मी अशी नोकरी शोधली जिथे ते द्यावं लागत नाही. घर फणसवाडीत, चालत दहा मिनिटं. आई शेजारी सांगते की मी घड्याळाच्या कंपनीत आहे. चामड्याचं नाव ती काढत नाही आणि मीही तिच्या बोलण्यात भर घालत नाही.

माझी शाळा इंग्रजी मीडियमची. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. तोवर गिऱ्हाईक पुढचं बोललेलं असतं. इंग्रजीतही फार वेगळं होत नाही, पण मराठीत निदान भाषेवर ढकलता येतं. त्यामुळे माझ्यासाठी दुकानाची पद्धत सोयीची होती. माप बाहेर सर घेतात, आकडा चिठ्ठीवर आत येतो, पट्टा आतून बाहेर जातो. दीड वर्षात मी कुठल्याही गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटांहून जास्त उभी राहिले नव्हते.

जाधवकाकांचं घड्याळ चावीचं होतं. त्यांच्या वडिलांचं. वडील परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. गिरणी बंद झाली त्या दिवशी त्यांनी ते हातातून काढलं आणि परत घातलं नाही. आता वेळ कशाला बघायची, म्हणाले. ते कपाटात राहिलं, वडील गेले, आणि जाधवकाका बसच्या ड्रायव्हरकीला लागून तीसच्या वर वर्षं झाली. त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला ते रिटायर होणार होते. शेवटची ड्यूटी त्यांना ते घड्याळ घालून करायची होती. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं होतं आणि मी आतून ऐकलं होतं. पेडणेकरकाकांनी मशीन उघडून साफ केलं, तेल दिलं, आणि घड्याळ चालू झालं. राहिला पट्टा.

पट्टा ही किरकोळ गोष्ट वाटते. दुकानात जा, रंग बघा, लावून घ्या. पण आधी एक आकडा लागतो. घड्याळाच्या गोलाला वर आणि खाली दोन-दोन शिंगं असतात. त्यांच्या मधल्या फटीत पट्टा बसतो. त्या फटीची रुंदी जुळली पाहिजे. बाजारात तयार पट्टे सोळा आणि अठरा मिलिमीटरचे मिळतात. जाधवकाकांच्या घड्याळाची फट सतराची. सोळाचा लावला तर पट्टा आत इकडेतिकडे सरकतो आणि मधली पिन दिसते. अठराचा कोंबला तर कडा मुडपतात आणि दोन महिन्यांत फाटतात. म्हणून ऑर्डर माझ्याकडे आली.

दुसरी गोष्ट लांबी. पट्टा दोन भागांत असतो. आखूड भागाला बकल, लांब भागाला भोकं. मधल्या भोकात लावल्यावर पट्टा नीट बसला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे कमी-जास्त करायला जागा राहते. नवीन चामडं थोडं सैलावतं, म्हणून सुरुवातीला किंचित घट्ट असलेलं चालतं. पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे, दोन सरकली तर सैल. एवढं कळलं की पट्टा निवडता येतो असं मला वाटत होतं.

पहिला पट्टा मी जुन्यावरून कापला. आमच्याकडे रिवाजच आहे. गिऱ्हाइकाकडे जुना पट्टा असेल तर तो मागून घ्यायचा. त्याच्या पाच-सहा भोकांपैकी एक ताणून लांबट झालेलं असतं. तेच त्या माणसाचं माप. मनगटाला हात लावायची गरजच नाही. मला हा रिवाज फार आवडायचा. जाधवकाकांच्या जुन्या पट्ट्याचं दुसरं भोक ताणलेलं होतं. मी त्याच मापाने पट्टा केला, आणि डिलिव्हरीच्या दिवशी तो शेवटच्या भोकात जेमतेम अडकला.

कारण साधं होतं. ते भोक वडिलांच्या मनगटाने ताणलेलं होतं.

“आमचा म्हातारा काडी होता,” जाधवकाका बाहेर हसून म्हणाले. “साच्यावर दिवसभर उभा. मी दिवसभर बसून. मनगट कसं सारखं असेल?” ते चिडले नाहीत. मी आत कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

दुसऱ्या वेळी सरांनी टेप लावली. पावणेसात इंच. मी मिलिमीटरमध्ये करून दोन्ही भाग कापले, शिलाई घातली, आत फिकट रंगाचं मऊ अस्तर दिलं कारण मुंबईच्या घामात गडद अस्तराचा रंग हाताला लागतो. डिलिव्हरीला मी पार्टिशनच्या फटीतून बघितलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाने स्वतः बकल लावायचं नसतं. सरांच्या वडिलांपासूनची पद्धत. काउंटरवर निळ्या मखमलीची छोटी उशी येते, गिऱ्हाईक तिच्यावर हात पालथा ठेवतं, आणि सर घड्याळ मनगटावर ठेवून खालून बकल लावतात. देवाला हार घालावा तसं. गिऱ्हाईक खूश होतं. जाधवकाकांच्या हातावर पट्टा मधल्या भोकात बसला. एक बोट सरकलं. सरांनी आत येऊन मला मान डोलावून दाखवली.

दोन दिवसांनी काका परत आले. हाडावर रुततो, म्हणाले. एक भोक सैल केलं तर घड्याळ खाली घसरतं. “दुकानात बसतो. गाडीवर बसलं की बसत नाही.” आणि मग ते हाताचं वाक्य.

ते गेल्यावर सर आत आले. हातात घड्याळ आणि पट्टा.

“नऊ दिवस आहेत त्यांच्या रिटायरमेंटला,” ते म्हणाले. “एकदा अजून करून बघ. नाही जमलं तर अठराचा रेडीमेड कोंबून देऊ आणि हात जोडू. आणि सायली, मग या मापाच्या ऑर्डरी नकोतच आपल्याला. रेडीमेड विकणं सोपं आहे.”

रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त थकल्यासारखे बोलले. मापाच्या ऑर्डरी बंद म्हणजे माझं टेबल बंद. मग मी काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर, नाहीतर घरी.

मी पट्टा दिव्याखाली धरला. वापरलेला पट्टा बरंच सांगतो, फक्त ते त्याच माणसाबद्दल आहे ना हे बघावं लागतं. पहिल्या वेळी मी तिथेच चुकले होते. या वेळी वाचायला दोनच दिवसांचा वापर होता आणि तो नक्की जाधवकाकांचा होता. तिसऱ्या भोकाशी घडी पडली होती, चौथ्याशीही. म्हणजे ते दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होते. आणि फिकट अस्तरावर, बकलच्या बरोबर मागे, हरभऱ्याएवढा एक गडद गोल डाग. तिथे काहीतरी टणक दाबलं गेलं होतं. मनगटाचं हाड. करंगळीच्या बाजूला, पंजाच्या वरच्या अंगाला असतं ते.

पण बकल हाडावर येतच नाही. घड्याळ मनगटावर, बकल मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे डॉक्टर नाडी बघतात. तिथे हाड कुठलं? मी माझ्या हातावर लावून बघितला. पेडणेकरकाकांच्या हातावर लावला. कोणाच्याच बकलखाली हाड नव्हतं.

पेडणेकरकाका मालवणचे. डोळ्यावरचं भिंग न काढता बोलतात. मी त्यांना डाग दाखवला आणि विचारलं की हाड तिथे आलंच कसं.

“चलत गेला आसतला,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, मशीनमधून मान वर न करता, “गो चेडवा, हात काय कुरिअरान येवचो नाय. जा नि बघ.”

हे मलाही कळत होतं. फोन करून बोलावता आलं असतं. ‘काका, जरा हात दाखवायला या.’ मी वाक्य जुळवलं, नंबर काढला, आणि फोन परत खिशात ठेवला. ते आले असते तर सरांनी उशी काढली असती आणि हात पुन्हा पालथा पडला असता. पट्टा दुकानात बसतच होता. तक्रार गाडीवरची होती.

त्यांनी सरांना सांगितलं होतं की दुपारच्या ड्यूटीला त्यांची गाडी साडेतीनच्या सुमारास आमच्या दुकानापुढच्या स्टॉपवरून परळकडे जाते. वाटेत पट्टा उचलता येईल का, असं विचारत होते. दुसऱ्या दिवशी मी सरांना अर्धा दिवस मागितला. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. मी सुट्टी मागत नाही, त्यामुळे बहुतेक घरात कोणी आजारी आहे असं त्यांनी धरलं. मी ते तसंच राहू दिलं.

दोन गाड्या सोडल्या. तिसरीच्या काचेतून मला ते दिसले. मी ओळखलं, त्यांनी ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला कधी बघितलंच नव्हतं. पार्टिशनचा तेवढा एक फायदा.

मी पुढेच उभी राहिले, त्यांच्या सीटच्या मागे, तिरकी.

“ताई, मागे जागा आहे,” ते समोर बघतच म्हणाले.

मी म्हटलं, इथे ठीक आहे.

“तुम्हाला ठीक आहे. तुम्ही पडलात तर रिपोर्ट मला लिहायला लागतो. बसा.”

मी पहिल्या सीटवर बसले. तिथून त्यांचा डावा हात दिसत होता आणि मला तेवढंच हवं होतं. हातात रोजचं प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं घड्याळ असणार. पण मला दिसला तो फक्त काळा पट्टा आणि त्याचं बकल, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या शेजारी. घड्याळच नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली. त्यांनी स्टिअरिंग धरलेलंच ठेवलं आणि नजर फक्त खाली सरकवली. हात हलला नाही, वळला नाही. मी मान पुढे काढून बघितलं. डायल आतल्या बाजूला होती, नाडीवर. स्टिअरिंग धरलं की मनगटाची आतली बाजू आपोआप ड्रायव्हरकडे येते. त्यांना वेळ बघायला काहीच करावं लागत नव्हतं.

चिंचपोकळीच्या पुलापर्यंत मी त्यांना चार वेळा तसं बघताना बघितलं. लालबागला फोन वाजला. गाडी स्टॉपवर उभी असताना त्यांनी तो घेतला, “जय भीम, ड्यूटीवर आहे, नंतर करतो,” म्हणाले आणि ठेवला. फोन ठेवतानाही हात उताणा. मी परळला उतरले. उतरताना त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं. पुढे बसून ड्रायव्हरच्या हाताकडे टक लावणारी बाई त्यांना आठवणीत राहिली असणार, हे तेव्हा मला सुचलं नाही.

परत येताना मी सगळा हिशोब लावला. डायल आत म्हणजे बकल बाहेर. आखूड भाग अंगठ्याच्या बाजूने वर येतो आणि बकल जाऊन पडतं ते करंगळीकडच्या हाडापाशी. नेहमीसारख्या घालणाऱ्या माणसासाठी जे माप बरोबर, तेच यांना रुतणार. सरांची टेप बरोबर होती. माझं कापणंही बरोबर होतं. आम्ही फक्त दुसऱ्याच कोणासाठी तरी पट्टा केला होता. आणि तो दुसरा माणूस तयार केला होता आमच्या उशीने. हात पालथा ठेवा म्हटलं की माणूस ठेवतो. सभ्य माणूस तर नक्कीच ठेवतो. दुकानात सर म्हणतील तसं, आणि बाहेर पडल्यावर आपल्याला हवं तसं. त्यात खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पेडणेकरकाकांना सांगितलं तर ते म्हणाले की त्यांची आई तसंच घालायची. बांगड्यांनी काच फुटू नये म्हणून.

मी म्हटलं, मग काल का नाही सांगितलंत?

“तू इचारलंस खंय?”

तिसरा पट्टा कापायला दोन दिवस लागले. एकूण लांबी तीच ठेवली. आखूड भाग बारा मिलिमीटरने आणखी आखूड केला आणि लांब भाग तेवढाच वाढवला, म्हणजे बकल हाडावरून सरकून वरच्या सपाट भागावर येईल. भोकांमधलं अंतर नेहमी साडेसहाचं असतं, ते पाचवर आणलं, कारण त्यांचं माप तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मध्ये कुठेतरी होतं. डायल टेबलावर, स्टिअरिंगवर घासणार, म्हणून शिंगांपाशी पट्टा जाड केला नाही. जुनं घड्याळ पातळ होतं, जाड पट्ट्यावर ते बुडाल्यासारखं दिसलं असतं.

टेबलावर पट्टा विचित्र दिसत होता. एक भाग लहान मुलाच्या मापाचा, दुसरा पैलवानाच्या. सरांना आधी समजावून सांगायला हवं, हे मला कळत होतं. मी दोनदा पार्टिशनच्या कडेपर्यंत गेले. दोन्ही वेळा काउंटरवर गिऱ्हाईक होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

जाधवकाका आले ते ड्यूटीच्या आधी, दुपारी. रिटायरमेंटला तीन दिवस होते. सरांनी उशी काढली. काकांनी हात ठेवला. पालथा. मी फटीतून बघत होते.

सरांनी घड्याळ मनगटावर ठेवलं, खालून बकल लावायला गेले आणि थांबले. त्यांनी हात वळवून बघितला. नाडीच्या मध्यावर यायचं ते बकल पार एका कडेला गेलं होतं. पट्ट्याचं शेपूट भलतंच लांब निघालं होतं.

“हे काय झालं?” सर हळू आवाजात म्हणाले, पण पार्टिशन वरून उघडं आहे. “आखूड भाग चुकीचा कापलाय. सॉरी जाधवसाहेब.”

काकांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, जाऊ द्या. खिशात घालून नेतो घड्याळ. खिशात पण चालतंच की ते.

त्यांनी हे इतक्या साधेपणाने म्हटलं की मला बसवेना. मी बाहेर आले. कधी उठले ते आठवत नाही, पण काउंटरची फळी उचलली तेव्हा ती माझ्या कोपराला लागली हे आठवतं. सर माझ्याकडे बघत होते. मला सांगायचं होतं, वाक्य चार दिवस तयार होतं, आणि ते आलं नाही. म्हणून मी काकांचा हात धरला. गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ. बकल सोडलं, घड्याळ काढलं, त्यांच्या उजव्या हातात ठेवलं, निळी उशी उचलून काउंटरखाली टाकली आणि एक पाऊल मागे सरले.

काकांनी घड्याळाकडे बघितलं. मग सवयीने, न बघता, ते डाव्या मनगटाखाली धरलं, डायल आत, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी वरून बकल लावलं. मधलं भोक. बकल बरोबर सपाट जागी बसलं, हाडापासून बोटभर दूर.

“उलटं घातलंत,” सर म्हणाले.

“उलटं कसं? घड्याळ असंच घालतात.”

सरांनी आपलं मनगट दाखवलं. काकांनी ते नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच. मग म्हणाले की आमच्या घरी सगळे असंच घालतात. वडील साच्यात हात घालायचे, काच वर असली तर आपटायची, म्हणून त्यांनी आत वळवलं. मुलांनी त्यांचं बघून घातलं. वर काच असलेली घड्याळं जगात असतात हे त्यांना माहीत होतं, पण ती ऑफिसवाल्यांची, असं त्यांना वाटायचं.

मग त्यांनी काउंटरवर दोन्ही हात हवेत धरले, स्टिअरिंगवर धरावेत तसे, आणि हळूच डावीकडे वळण घेतलं. उजवीकडे घेतलं. मूठ आवळली, सोडली. घड्याळ हललं नाही.

“बसला,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांचे डोळे बारीक झाले. “तुम्ही त्या दिवशी गाडीत होतात. पहिल्या सीटवर.”

मी मान हलवली.

“मी कंडक्टरला म्हटलं, ही चेकिंगवाली नवीन आलेली दिसते. माझ्या हाताकडे बघतेय, फोन वापरतो का म्हणून.” ते मोठ्याने हसले. मग मनगट माझ्यासमोर उताणं धरून म्हणाले, “बघितलात हात. बरं झालं.”

शेवटच्या तारखेला साडेतीनला आमच्या दुकानासमोर हॉर्न वाजला. गिरगावात हॉर्न वाजला म्हणून कोणी बाहेर येत नाही, पण हा तीनदा वाजला, थांबून थांबून. आम्ही तिघं दारात गेलो. गाडी हळू झाली होती, मागे रांग लागली होती. बसच्या पुढच्या काचेला झेंडूची माळ होती. काचेआडून काकांनी आम्हाला डावा पंजा दाखवला, आणि पंजाबरोबर डायलही दिसली, थेट आमच्याकडे बघणारी.

“तो टाटा करता हा की टाइम दाखवता हा?” पेडणेकरकाका म्हणाले.

दोन्ही असावं.

सरांनी त्यानंतर मापाच्या ऑर्डरींचा विषय काढला नाही. आमच्यात विषय न काढणं म्हणजे चालू ठेव. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चिठ्ठ्यांचं नवीन पॅड छापून आणलं तेव्हा मी बघितलं, मापाच्या रकान्याखाली एक जास्तीची ओळ होती, ‘घालण्याची पद्धत’. त्यांनी मला विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नाही.

उशी मात्र परत आली. ती सरांच्या वडिलांची आहे आणि गिऱ्हाइकांना आवडते. ओळ छापली तरी ती भरायला आठवण राहतेच असं नाही. सर हात पालथा ठेवून घेतात, टेप लावतात, आणि ‘घालण्याची पद्धत’पुढे ‘नॉर्मल’ लिहून चिठ्ठी आत पाठवतात. त्या पॅडवरच्या पहिल्या अकरा चिठ्ठ्यांवर नॉर्मल लिहिलेलं आहे.

या धंद्यात मी आतापर्यंत शिकले ते एवढंच. फटीची रुंदी कॅलिपरने मोजता येते, मनगट टेपने मोजता येतं. पण माणूस घड्याळ घालतो ते वेळ बघण्यासाठी, आणि तो वेळ कसा बघतो हे त्याला विचारून कळत नाही. त्यालाही माहीत नसतं. विचारलं तर तो हात पालथा ठेवून नॉर्मल सांगतो. ते त्याला कळायच्या आत बघावं लागतं. आणि त्यासाठी दर वेळी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन बसमध्ये बसणं परवडणारं नाही.

बारावं गिऱ्हाईक मंगळवारी आलं. दादरचे एक मास्तर, खडूच्या बोटांचे, मनगटावर घड्याळ, पट्टा फाटायला आलेला. सरांनी उशी पुढे सरकवली. “ठेवा हात.” मास्तरांनी पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला.

मी फळी उचलून बाहेर आले. या वेळी कोपर लागलं नाही. वाक्य मी आदल्या आठवड्यापासून जुळवत होते आणि ते फारच छोटं निघालं होतं. भिंतीवर चाळीस घड्याळं टिकटिकत होती, सगळी मास्तरांच्या समोर, सगळी बरोबर. मी त्यांच्या हाताकडे बघत, सरांना आणि आतल्या पेडणेकरकाकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

“मास्तर, तुमच्या घड्याळात किती वाजले?”